बारा पेट्या सोडून सगळ्या बंद

वेलिच्का ताबाकोवा द्रेनोविकच्या रेडिओवर एकेचाळीस वर्षं बोलली. त्या काळात तिने स्वतःच्या मनाचं वाक्य माइकसमोर फक्त एकदाच उच्चारलं, आणि त्या एका वाक्याने रेडिओ जवळजवळ बंद पडला.

द्रेनोविकचा रेडिओ तारेतून येतो. चौकातल्या वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. तिथून सहा तारा निघतात, खांबांवरून गावभर फिरतात आणि घराघरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या एका तपकिरी पेटीत येऊन संपतात. पेटीला एकच बटण. उजवीकडे फिरवलं की राजधानीचं केंद्र लागतं. दुपारी साडेबाराला ते थांबतं आणि अर्धा तास द्रेनोविक बोलतं. पाणी कधी जाणार, लस कुठे टोचणार, कुणाची शेळी हरवली, कोण वारलं. ही व्यवस्था १९४९ साली बसवली. पहिला निवेदक शाळामास्तर होता. त्याला शब्दाशब्दाला खाकरायची सवय होती. जुनी माणसं सांगतात की बातमीपेक्षा खोकला जास्त ऐकू यायचा.

वेलिच्का १९७३ मध्ये आली. बावीस वर्षांची होती, डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात टंकलेखन करायची. वाचनालयाच्या संचालकांनी तिच्यापुढे सहकारी संस्थेचं परिपत्रक ठेवलं आणि वाच म्हणाले. तिने तीन पानं सलग वाचली.

"तुला दम लागत नाही का गं?" त्यांनी विचारलं.

"दम लागायला मजकुरात काही हवं ना," ती म्हणाली.

नोकरी मिळाली. संचालकांना ते उत्तर आवडलं होतं की दुसरं कोणी मिळत नव्हतं, हे नक्की सांगता येत नाही.

ती जशी वाचते तशी का वाचते, याचं कारण १९७६ च्या सप्टेंबरातलं आहे. हिवाळ्यासाठी बरण्या भरायच्या दिवसांत सहकारी संस्थेचा लाल मिरच्यांचा ट्रक यायचा. त्या वर्षीच्या सूचनेची शेवटची ओळ अशी होती, की खालच्या आळीला मिरच्या बुधवारऐवजी गुरुवारी मिळतील. एक वाजत आला होता, राजधानीला जोडायचं होतं. वेलिच्काने ती ओळ सोडली. बुधवारी खालच्या आळीतल्या सत्तर बायका हातगाड्या घेऊन दिवसभर उन्हात उभ्या राहिल्या. संध्याकाळी त्यांच्यातली एक जिना चढून आली, रिकामं पोतं वेलिच्काच्या टेबलावर पसरलं आणि म्हणाली, "यात काय भरू, तुझा आवाज?"

त्यानंतर वेलिच्काने कधी काही गाळलं नाही. कागद हातात आला की पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, खाली सही असेल तर सहीसकट. १९८९ मध्ये राजवट गेली, वरची माणसं बदलली, तिची पद्धत बदलली नाही. नव्वदच्या दशकात तीन तास वीज आणि तीन तास अंधार असायचा. ते वेळापत्रक ती आळीवार वाचायची. कारखाना बंद झाला तेव्हा कामावरून काढलेल्यांची दोनशे चौदा नावं तिने वाचली. कारखान्याच्या व्यवस्थापकाचा फोन आला होता, की यादी फाटकावर लावली आहे, रेडिओवर कशाला. ती म्हणाली, "फाटकावर लावली म्हणजे लपवायची नाही असंच ना? मग मी वाचते." सोळा मिनिटं लागली.

नगरपालिकेच्या ठरावांचंही तसंच. सभेचं इतिवृत्त तिच्याकडे यायचं आणि ती ते वाचायची. ठराव काय, कोणी मांडला, बाजूने कोण, विरुद्ध कोण, नावानिशी. टिप्पणी शून्य. आवाज वर नाही, खाली नाही. गावाला याची इतकी सवय झाली होती की बाजूने मत देताना नगरसेवकांचे हात जरा सावकाश वर जायचे.

२०१४ च्या मार्चमध्ये गरम झऱ्याच्या सार्वजनिक स्नानगृहाचा ठराव झाला. द्रेनोविकमध्ये गुरुवारी बायका आणि शनिवारी पुरुष त्या स्नानगृहात जातात. संधिवातावर डॉक्टरही तेच लिहून देतात. ते पस्तीस वर्षांसाठी एका कंपनीला भाड्याने द्यायचं ठरलं, आणि कंपनी नगराध्यक्ष दोब्रोमिर शिकेरोव यांच्या मेहुण्याची होती. अकरा मतं बाजूने, सहा विरुद्ध. वेलिच्काने इतिवृत्त वाचलं. सत्तावीस मिनिटं. मेहुण्याचं नाव कंपनीचा मालक म्हणून कागदावर होतं, म्हणून तेही वाचलं. मेहुणा हा शब्द कागदावर नव्हता, म्हणून तो वाचला नाही. त्याची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाजारात दातांचे डॉक्टर हिंकोव पनीर घ्यायला गेले. ते अकरांतले एक होते. पनीरवाली म्हणाली, "डॉक्टर, कालचा तो वर केलेला हात कुठला, उजवा की डावा? नाही, त्या हातात मी पनीर देणार नाही."

आठवड्याने नगराध्यक्षांनी वेलिच्काला बोलावलं. त्यांच्या खोलीतही भिंतीवर तपकिरी पेटी होती.

"बसा वेलिच्काताई. कॉफी?"

"नको. साडेबाराला बोलायचंय, घसा कोरडाच बरा."

"तुमच्या वाचनाबद्दलच बोलायचं होतं. लोकांना एवढं सगळं ऐकायला वेळ नसतो हो. सारांश द्या. पाच ओळी."

"सारांश कोण करणार?"

"आमचं कार्यालय करून देईल."

"मग तो तुमच्या कार्यालयाचा सारांश. तसं सांगून वाचते. आणि त्यानंतर मूळ कागद वाचते."

शिकेरोव हसले. "तुमचं वय किती हो आता?"

"त्रेसष्ट. तुमच्या आईची मैत्रीण आहे मी, दोब्री. तिला विचारलंस तर तीही सांगेल."

साहेबाचा एकदम दोब्री झाला आणि कॉफी आलीच नाही.

एप्रिलमध्ये ठराव आला, की तारेचा रेडिओ कालबाह्य झाला आहे, तो कोणी ऐकत नाही, सबब बंद करावा. विरोधकांनी आरडाओरडा केल्यावर दुरुस्ती झाली. समितीने मोजणी करावी. चालू पेट्या दोनशेच्या खाली असतील तर केंद्र बंद, दोनशे किंवा जास्त असतील तर चालू. हाही ठराव वेलिच्काने वाचला. स्वतःचं केंद्र बंद करायचा कागद ती हरवलेल्या शेळीच्या सुरात वाचत होती, असं तारवाला गान्चो नंतर सांगायचा.

गान्चो हा केंद्रावरचा दुसरा माणूस. वय एकोणसत्तर, खांबावर अजून चढायचा. गावातली प्रत्येक तार त्याला पाठ होती.

"ताई, मोजणीचं काय घेऊन बसलीस?" तो म्हणाला. "काटा आहे की आपल्याकडे."

काटा म्हणजे यंत्रावरचा भार दाखवणारा. एका पेटीला पाव वॉट लागतो. पेटी बंद केली की तेवढा भार उतरतो. काट्यावरचा आकडा चारने गुणला की चालू पेट्या कळतात. हे गणित इतकं सोपं होतं की कोणी कधी करून पाहिलंच नव्हतं.

समिती मे महिन्यातल्या एका मंगळवारी सव्वाबाराला आली. नगरपालिकेच्या सचिव बिस्त्रा लाझारोवा, डॉक्टर हिंकोव, आणि जिल्ह्याच्या गावाहून आणलेले विजेचे इंजिनियर कुर्तेव. कुर्तेव कुणाच्या बाजूचे नव्हते. त्यांनी आल्या आल्या आपलं मीटर काढलं, गान्चोच्या काट्याशी ताडून पाहिलं आणि मान हलवली.

"काटा खरा बोलतो," ते म्हणाले. "मोजणीची वेळ?"

"साडेबारा ते एक," बिस्त्राबाई म्हणाल्या. "एक वाजता शेवटचा आकडा लिहायचा, सह्या करायच्या."

साडेबाराला वेलिच्का बोलायला बसली. काटा एकशे चारवर होता. कुर्तेवनी कागदावर गुणाकार केला. "चारशे सोळा पेट्या."

गान्चोने खिशातून सिगारेट काढली. त्याच्या मते काम संपलं होतं.

"एक मिनिट," बिस्त्राबाई म्हणाल्या. "पेट्या चालू आहेत हे मान्य. पण माणसं आहेत का समोर? अर्धं गाव स्पेनला कामाला गेलंय. जाताना पेट्या कोणी बंद केल्यात? रिकाम्या खोल्यांत बडबडतेय ही बाई. हे मी नोंदवणार."

"ठरावात पेट्या म्हटलंय, माणसं नाही," गान्चो म्हणाला.

"ठरावाचा अर्थ समिती लावते."

डॉक्टर हिंकोव खिडकीबाहेर बघत होते. कुर्तेवनी चष्मा पुसला. "तांत्रिकदृष्ट्या बाईंचं बरोबर आहे. भारावरून पेटी कळते, कान कळत नाही."

तिच्या आणि समितीच्या मधल्या काचेला तडा गेलेला असल्यामुळे वेलिच्काला हे सगळं ऐकू येत होतं. ती नळदुरुस्तीची सूचना वाचत होती. सूचना शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचून झाली. पुढचा कागद कुत्र्यांच्या लसीचा होता. तिने तो उचलला आणि उलटा ठेवला. मग एकेचाळीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. समोर कागद नसताना बोलली.

"द्रेनोविककरांनो, इथे समिती बसली आहे. तिचं म्हणणं आहे की मला कोणी ऐकत नाही. जे ऐकत असतील त्यांनी आत्ता उठून पेटी बंद करा. सगळ्यांनी. आणि मी सांगेपर्यंत सुरू करू नका."

कुर्तेव खुर्चीतून उठून काट्याजवळ आले.

काटा आधी थरथरला. मग शंभर, नव्वद, सत्तर. मध्ये कुठेतरी थबकला, बहुधा कोणी हात पुसत होतं. मग चाळीस, वीस, आणि तीनवर येऊन थांबला. पूर्ण एक मिनिटही लागलं नव्हतं.

"बारा पेट्या," कुर्तेव म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा बदलला होता. "चारशे चार लोकांनी बटण बंद केलं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असं मोजमाप मी पाहिलेलं नाही."

"आणि त्या बारा?" डॉक्टरांनी विचारलं.

गान्चो बोटं मोजायला लागला. "सात स्पेनवाल्यांच्या. दोन बहिऱ्यांच्या. एक बेकरीतली, तिथे पोरगी मोबाइलमध्ये असते. एक माहीत नाही. आणि एक नगराध्यक्षांच्या खोलीतली. ती मी परवाच नीट करून आलो. त्यांनीच बोलावलं होतं, आवाज बारीक येतो म्हणून."

बिस्त्राबाई लिहीत होत्या. मग त्यांनी कागद वळवून सगळ्यांना दाखवला. बारा वाजून एकोणचाळीस मिनिटे. चालू पेट्या बारा.

"दोनशेच्या खाली," त्या शांतपणे म्हणाल्या.

वेलिच्का काचेपलीकडून काट्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून गान्चोला कळलं की काहीतरी चुकलंय, आणि मग त्यालाही उमगलं. मी सांगेपर्यंत सुरू करू नका. आता सांगणार कसं?

"अगं ताई," तो म्हणाला, "हे गं काय करून बसलीस?"

"द्रेनोविककरांनो," वेलिच्का माइकमध्ये म्हणाली, "आता पेट्या सुरू करा." काटा तीनवर होता. तिने पुन्हा सांगितलं. स्पेनला गेलेल्यांची सात स्वयंपाकघरं, दोन बहिरे आणि नगराध्यक्ष यांनी ते ऐकलं असावं.

"दुसरं कुठलं गाव असतं तर दोन मिनिटांत कोणीतरी कंटाळून लावलं असतं," हिंकोव हळूच म्हणाले. "इथे नाही. इथे बाईंनी सांगितलंय."

बिस्त्राबाईंनी घड्याळ पाहिलं. बारा त्रेचाळीस.

गान्चो जिन्याकडे धावला. एकोणसत्तर वर्षांचा माणूस चारशे दारं कधी ठोठावणार होता? वेलिच्काने त्याला थांबवलं नाही. ती खुर्ची सोडून खिडकीपाशी गेली, आणि एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"वेलिच्का, मी वरच्या आळीतून. आता लावू का?"

"लाव! आणि शेजारी सांग."

फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. "ताई, समितीचं झालं का? मी बटणावर हात ठेवून उभी आहे."

"लाव, लाव. आणि कुंपणावरून ओरड जरा."

तिसऱ्या फोनला ती काही म्हणायच्या आतच जिन्यावर चपला वाजल्या. समोरच्या घरातली योर्दाना दारात उभी राहिली. कमरेला एप्रन, हातात सुपाचा डाव, मागे आणखी चारपाच जणी.

"किती वेळ गं ठेवायचं बंद? कुत्र्यांच्या लसीचं सांगणार होतीस की नाही? माझा बाल्कान दाराशी बांधून ठेवलाय."

"योर्दाना, खाली जा आणि जेवढा जोर असेल तेवढ्याने ओरड, की पेट्या लावा."

"जोर किती आहे ते तुला माहीत आहे," असं म्हणून योर्दाना जिन्यावरूनच सुरू झाली.

योर्दानाचा आवाज चौकाच्या पलीकडे दवाखान्यापर्यंत जातो. तिकडून कोणीतरी तो पुढे दिला. आळीआळीतून, परसांतून, गॅलऱ्यांतून बायका एकमेकींना हाका मारू लागल्या. ज्यांनी पेटी लावली त्यांना वेलिच्काचा आवाज आला, "ज्यांना ऐकू येतंय त्यांनी शेजारचं दार वाजवा," आणि त्यांनी शेजारचं दार वाजवलं.

बारा एक्कावन्नला काटा अकरावर होता. बारा सत्तावन्नला अठ्ठावीसवर.

"एकशे बारा पेट्या," कुर्तेव म्हणाले. त्यांनी खुर्ची काट्यासमोर ओढून घेतली होती.

बिस्त्राबाईंनी पेनचं टोपण काढून ते तयार ठेवलं. "एकला तीन मिनिटं आहेत, आत्ताच सह्या उरकायला काय हरकत आहे?"

"तीन मिनिटांची हरकत आहे," कुर्तेव म्हणाले. "एक म्हणजे एक."

खालच्या आळीचा भार एकदम चढला. गान्चो तिथे पोचला होता. त्याने दारं ठोठावण्याऐवजी शाळेची घंटा वाजवली होती, हे नंतर कळलं. एक्कावन्न. सत्तर. एकशे सहा. ज्या घरांत पेटी वर्षानुवर्षं बंद होती, त्या घरांतही दार वाजलं होतं. एक वाजता काटा एकशे एकवीसवर होता.

"चारशे चौऱ्याऐंशी," कुर्तेव म्हणाले. "सुरुवातीपेक्षा अडुसष्ट जास्त."

बिस्त्राबाईंनी आकडा लिहिला. मग आधीचा बाराचा आकडा खोडायला पेन टेकवलं; आता तो कागदावर बरा दिसत नव्हता. चारशे माणसं एका वाक्यावर उठतात हे त्यातून दिसत होतं.

वेलिच्का काचेमागून बाहेर आली होती. "तो राहू दे."

"चुकीची नोंद आहे ती."

"माझी चूक आहे ती, नोंद बरोबर आहे. बारा एकोणचाळीसला बारा. तिन्ही आकडे, तिन्ही वेळा. नाहीतर माझी सही नाही."

"तुमची सही लागतच नाही."

"माझी लागते," कुर्तेव म्हणाले, "आणि बाई म्हणतात तसंच लिहा." डॉक्टर हिंकोवनी सगळ्यात आधी सही केली. त्यांना पनीर पुन्हा मिळू लागलं की नाही, याची माहिती नाही.

केंद्र बंद करता येत नव्हतं. जूनमध्ये शिकेरोवनी दुसरा मार्ग काढला. अर्ध्या तासाचा कार्यक्रम पंधरा मिनिटांवर आणला. लेखी आदेश, सही, शिक्का. वेलिच्काने आदेश वाचला आणि त्याच आठवड्यात नगरपालिकेत अर्ज देऊन स्नानगृहाच्या कराराची पूर्ण प्रत मागितली. प्रत द्यावी लागली. एकेचाळीस पानं, बारीक अक्षर, कलमं आणि उपकलमं.

तिने रोज पंधरा मिनिटं करार वाचला. वेळ संपली की त्या दिवशीच्या पूर्णविरामाशी थांबायची आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. नवव्या दिवशी कलम बावीस आलं, की गुरुवार आणि शनिवारचा सार्वजनिक दिवस ठेवणं कंपनीवर बंधनकारक नाही. त्या दुपारी चौकातल्या बाकांवर एकही बाई उरली नाही. सगळ्या नगरपालिकेच्या जिन्यात होत्या, काठ्यांसकट, सुजलेल्या गुडघ्यांसकट.

दहाव्या दिवशी सव्वाबाराला बिस्त्राबाई स्वतः वाचनालयाचा जिना चढून आल्या.

"नगराध्यक्षांचा निरोप आहे," त्या म्हणाल्या. "हवा असेल तर अर्धा तास परत घ्या, पण करार एकदाचा संपवा. खाली लोक बसलेत."

वेलिच्काने पान उलटलं. कलम तेवीस.

"आदेश पंधरा मिनिटांचा आहे," ती म्हणाली. "लेखी बदलून आणा. तोवर पंधरा मिनिटांत होईल तेवढंच होईल, असं सांगा त्यांना."

आणि साडेबारा झाले म्हणून तिने माइक सुरू केला.